पाच रुपयांची सही: गांधीजींच्या वस्तू, त्यांचे लिलाव आणि संग्रह

थोर राजकीय पुरुषांच्या वापरातल्या वस्तू, त्यांची पत्रे, सह्या आणि छायाचित्रे जमवण्याचा छंद आज जगभर पसरलेला असून त्याभोवती लिलावगृहे, जाणकार, संग्राहक आणि वस्तुसंग्रहालये यांची मोठी व्यवस्था उभी राहिली आहे. या व्यवस्थेत मोहनदास करमचंद गांधी यांच्या वस्तूंना जी मागणी असते तिच्याविषयी लिहिताना बहुधा एकच गोष्ट पुढे केली जाते, ती म्हणजे अपरिग्रहाचे, अर्थात गरजेपलीकडे काहीही न साठवण्याचे व्रत घेतलेल्या माणसाचा चष्मा कोट्यवधी रुपयांना विकला जातो ही विसंगती. विसंगती खरी आहे, पण तेवढ्याने इतिहास पुरा होत नाही. गांधीजींना मिळालेल्या भेटी, मानपत्रे आणि त्यांच्या सह्या यांची जाहीर विक्री त्यांच्या हयातीतच सुरू झाली होती, आणि तिचे दर ठरवणारे व भरसभेत बोली पुकारणारे स्वतः गांधीजीच होते. त्यांच्या हयातीत या वस्तूंतून निघालेला पैसा सार्वजनिक कामाकडे जात होता. त्यांच्या निधनानंतर तो वस्तू ज्याच्या हाती असेल त्याच्याकडे जाऊ लागला, आणि या बदलाचा माग काढल्याशिवाय पुढच्या लिलावांचा, वादांचा व सरकारी धावपळीचा अर्थ लागत नाही.

स्मृतिवस्तूंचा आदर या देशाला नवा नाही. बौद्ध परंपरेने अवशेषांचे तीन प्रकार फार पूर्वीच मानले होते: शरीराचे अंश ते शारीरिक, उपभोगात आलेल्या म्हणजे वापरलेल्या वस्तू त्या पारिभोगिक, आणि त्या पुरुषाला उद्देशून घडवलेल्या प्रतिमा वा चिन्हे ती उद्देशिक. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मुंबईच्या उत्तरेस सोपारा येथील स्तूप उकरला तेव्हा त्यातल्या करंडकात मातीच्या भांड्याचे काही तुकडे मिळाले, आणि ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानून पुरले गेले असावेत असा निष्कर्ष निघाला. पारिभोगिक अवशेषाचे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवर मिळणे अवघड आहे. वारकरी संप्रदायात पालखीतून पादुकाच पंढरीला नेल्या जातात. युरोपात मात्र राजकीय पुरुषांच्या वस्तूंचे आकर्षण युद्धातील लुटीच्या वाटेने वाढले. वॉटर्लूच्या पराभवानंतर १८१५ मध्ये शत्रूच्या हाती पडलेली नेपोलियनची बग्गी पुढच्याच वर्षी लंडनमध्ये तिकीट लावून दाखवण्यात आली, पुढे ती मादाम तुसाँ यांच्या मेणाच्या पुतळ्यांच्या प्रदर्शनात गेली आणि १९२५ च्या आगीत नष्ट झाली. गांधीजींच्या वस्तूंच्या वाट्याला भक्तीचा आणि बाजाराचा असे हे दोन्ही वारसे आले.

या कथेची सुरुवात दक्षिण आफ्रिकेत होते. १९०१ मध्ये गांधीजी भारतात परत येण्यास निघाले तेव्हा नाताळमधील हिंदी समाजाने त्यांना सोन्याचांदीच्या व हिऱ्यांच्या वस्तू निरोपादाखल दिल्या, आणि कस्तुरबांसाठी पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार त्यात होता. सार्वजनिक सेवेबद्दल मिळालेली भेट सेवकाची खासगी मालमत्ता होऊ शकते काय, या प्रश्नाने त्यांची झोप उडाल्याचे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. शेवटी सर्व वस्तू समाजाच्या उपयोगासाठी विश्वस्त निधीच्या स्वाधीन करण्याचा मसुदा त्यांनी रातोरात तयार केला आणि पारशी रुस्तमजी यांचे नाव विश्वस्त म्हणून घातले. कस्तुरबांचा विरोध सोपा नव्हता. सेवा एकट्या पतीने केली नसून पत्नीनेही रात्रंदिवस कष्ट उपसले आहेत, मग हारावरचा तिचा हक्क नाकारायचा कोणत्या न्यायाने, हा त्यांचा प्रश्न आजच्या वाचकालाही निरुत्तर करणारा आहे, आणि गांधीजींनी तो न लपवता लिहून ठेवला हे त्यांचे मोठेपण मानले पाहिजे. भेट ही ज्याला मिळाली त्याची नसून ज्या कामासाठी मिळाली त्या कामाची असते, हे सूत्र मात्र या प्रसंगात पक्के झाले व त्यांनी ते पुढे कधीच सोडले नाही.

या सूत्राचा सर्वांत विस्तृत प्रयोग हरिजन दौऱ्यात झाला. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून निघालेला आणि १९३४ च्या जुलैअखेर काशीला संपलेला हा दौरा अस्पृश्यतानिवारणाच्या प्रचारासाठी व हरिजन निधी जमवण्यासाठी होता. सुमारे साडेबारा हजार मैलांच्या प्रवासात आठ लाखांच्या आसपास रुपये जमले. गावोगाव होणाऱ्या सभांचा एक ठरलेला सोपस्कार म्हणजे मानपत्र, अर्थात नगरपालिकेने, लोकल बोर्डाने किंवा एखाद्या संस्थेने पाहुण्याच्या गौरवार्थ लिहून वाचून अर्पण केलेला मजकूर, आणि तो बहुधा चांदीच्या करंडकात किंवा नक्षीदार चौकटीत घालून दिला जात असे. एरवी अशा वस्तू पुढाऱ्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर जात किंवा कपाटात पडून राहत. गांधीजींनी त्या तिथल्या तिथे लिलावाला काढल्या. करंडक उंच धरून ते बोली मागत, कोणी थोडक्यात निपटू लागला तर त्याला थट्टेने डिवचत, आणि शेवटच्या बोलीची रक्कम निधीत जमा होई. मानपत्रावर व चौकटीवर पैसा उधळण्यापेक्षा तोच निधीला द्यावा असेही ते यजमानांना सांगत असत.

सहीचा दरही या काळात लोकांच्या तोंडी झाला होता. सह्यांच्या वह्या घेऊन येणाऱ्या तरुणांकडून हरिजन निधीसाठी किमान पाच रुपये घेतल्याशिवाय गांधीजी सही करत नसत. शेतमजुराची रोजी आण्यांत मोजली जात होती त्या काळात पाच रुपये ही किरकोळ रक्कम नव्हती, आणि म्हणूनच ती वही घरात जपून ठेवली जाई. वही जपणारा आपण एक मौल्यवान वस्तू मिळवली असे समजत होता, सही करणाऱ्याच्या लेखी मात्र तो व्यवहार पाच रुपये निधीत पडताच संपलेला होता. वस्तूच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या माणसांच्या समजुतीतले हे अंतर पुढच्या सगळ्या बाजाराचे बीज आहे.

स्त्रियांच्या दागिन्यांच्या बाबतीत गांधीजी आणखी एक पाऊल पुढे जात आणि दिलेला दागिना पुन्हा घडवून घ्यायचा नाही अशी अट घालत. १९३४ च्या जानेवारीत मलबारमधील बडगरा येथे सोळा वर्षांच्या कौमुदी नावाच्या मुलीने अंगावरचे सर्व दागिने सभेतच उतरवून दिले आणि पुन्हा दागिने न घालण्याचा निश्चय केला. या त्यागाने गांधीजी इतके हेलावले की त्यांनी आपल्या साप्ताहिकात त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. दौरा सर्वत्र असा स्वागताचाच नव्हता. २५ जून १९३४ रोजी पुण्यात नगरपालिकेचे मानपत्र स्वीकारण्यासाठी ते जात असताना त्यांची मोटार समजून दुसऱ्या मोटारीवर बाँब टाकण्यात आला व त्यात काही माणसे जखमी झाली. मानपत्राच्या सोपस्काराभोवती किती परस्परविरोधी भावना एकवटल्या होत्या हे या घटनेवरून दिसते, आणि सहा वर्षे आधी, १९२८ मध्येच, जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले होते हे आठवले की एकाच मराठी मुलखातील दोन प्रवाह समोर येतात.

दुसरीकडे गांधीजींच्या हातून वस्तू सतत बाहेरही जात होत्या, कारण देणे हा त्यांचा स्वभाव होता. दक्षिण आफ्रिकेतील तुरुंगात त्यांनी स्वतः शिवलेल्या चपलांचा जोड ज्यांच्याविरुद्ध लढा चालू होता त्या जनरल स्मट्स यांना दिला. स्मट्स यांनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, १९३९ मध्ये, आपण या चपलांत उभे राहण्याच्या योग्यतेचे नाही अशी भावना व्यक्त करून तो परत केला. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहासाठी त्यांनी स्वतः कातलेल्या सुताची, मध्यभागी ‘जय हिंद’ विणलेली जाळीदार चादर पाठवली. ती पंचा असल्याच्या गैरसमजाने राणी मेरी नाराज झाल्या, पण ती राजघराण्याच्या संग्रहात जतन झाली आहे. येरवड्याच्या तुरुंगातील एक चरखा त्यांनी फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला भेट दिला. येरवडा चक्र म्हणून ओळखला जाणारा हा चरखा पेटीत घडी घालून बसवलेला असून प्रवासात सहज नेता येतो, आणि तुरुंगवासातच गांधीजींनी त्याच्या रचनेत लक्ष घातले होते.

या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते व तिच्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. टिपू सुलतानाची तलवार श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर लुटीत गेली. गांधीजींच्या ज्या वस्तू परदेशांत निघतात त्यांतील पुष्कळशा त्यांनी आपल्या हाताने दिलेल्या आहेत. पहिल्या प्रकारात वस्तू परत मागण्याचा नैतिक अधिकार सरळ उभा राहतो, दुसऱ्यात तो तितक्या सहज उभा राहत नाही, कारण देणाऱ्याने दिलेली भेट त्याच्या पश्चात राष्ट्राने अन्यायाने गेलेली म्हणणे हे देणाऱ्याच्या इच्छेवरच आक्षेप घेण्यासारखे आहे. लिलावाची बातमी आली की ‘देशाचा ठेवा परत आणा’ अशी एकच मागणी सरसकट केली जाते, तेव्हा हा भेद हरवतो.

आपल्या मागे काय राहावे याविषयी गांधीजींचे मत कठोर होते. आपले लेखन आपल्या देहाबरोबरच जाळून टाकावे, टिकायचे असेल ते केलेले काम टिकेल, अशा आशयाचे त्यांनी १९३७ मध्ये लिहिले. १९४० मध्ये केलेल्या मृत्युपत्रात आपली काही मालमत्ता आहे असे आपण मानत नाही, पण रूढीने वा कायद्याने जे काही आपले ठरेल ते, लेखनासह, नवजीवन या प्रकाशनसंस्थेला मिळावे, असे त्यांनी नमूद केले. म्हणजे लेखन जाळण्याची इच्छा आणि लेखनाचा वारस नेमण्याची व्यवस्था या दोन्ही गोष्टी तीन वर्षांच्या अंतराने त्यांनीच लिहून ठेवल्या, आणि उत्तरकाळाने यांतली दुसरी पाळली, हे इतिहासाच्या दृष्टीने भाग्यच म्हणावे लागेल.

३० जानेवारी १९४८ नंतर वस्तू गोळा करण्याची पहिली लाट भक्तीची आणि कर्तव्यबुद्धीची होती. हत्येनंतर लवकरच मुंबईत गांधीजींच्या वापरातील वस्तू, हस्तलिखिते, वृत्तपत्रे व पुस्तके एकत्र करण्याचे काम सुरू झाले; हाच संग्रह १९५१ मध्ये दिल्लीला हलवण्यात आला आणि त्यातून राजघाटासमोरचे राष्ट्रीय गांधी संग्रहालय घडले, ज्याचे उद्घाटन ३० जानेवारी १९६१ रोजी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. मदुराईच्या तमुक्कम राजवाड्यातील संग्रहालय १९५९ मध्ये नेहरूंच्या हस्ते उघडले, आणि हत्येच्या वेळच्या रक्ताळलेल्या वस्त्राचा एक भाग तिथे ठेवलेला आहे. मुंबईत गावदेवीच्या लॅबर्नम रस्त्यावरील मणिभवन, जिथे १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम असे, ते गांधी स्मारक निधीने १९५५ मध्ये ताब्यात घेतले.

याच काळात कागद व छायाचित्रे जमवण्याचे जे काम झाले त्याला मराठी वाचकांनी अधिक मान द्यायला हवा. मूळचे रत्नागिरीचे दीनानाथ गोपाळ तेंडुलकर यांनी १९५१ ते १९५४ या काळात मुंबईहून आठ खंडांत गांधीजींचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, आणि विठ्ठलभाई झवेरी यांनी त्यासाठी छायाचित्रे मिळवून दिली. झवेरींच्या चित्रफितींच्या संग्रहातूनच पुढे १९६८ चा दीर्घ अनुबोधपट आकाराला आला. बौद्धांच्या वर्गवारीत ज्यांना उद्देशिक म्हटले असते अशा या प्रतिमांचा मोठा भाग गांधीजींच्या कुटुंबातले कनू गांधी यांच्या कॅमेऱ्यातून आला आहे. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांत त्यांनी कॅमेरा घेतला, आणि फ्लॅश वापरायचा नाही, कधीही मुद्दाम बसवून छायाचित्र काढायचे नाही व आश्रमाने त्याचा खर्च उचलायचा नाही या तीन अटींवर गांधीजींनी त्यांना परवानगी दिली होती. केंद्र सरकारने १९५६ मध्ये हाती घेतलेल्या समग्र वाङ्मयाच्या प्रकल्पासाठी देशोदेशींच्या घरांत पडलेली पत्रे व त्यांच्या नकला मागवण्यात आल्या, १९५८ मध्ये पहिला खंड निघाला आणि १९९४ मध्ये इंग्रजी मालिकेचे शंभर खंड पूर्ण झाले. गांधीजींच्या वस्तूंच्या संग्रहाचा इतिहास सांगताना लिलावांना जेवढी जागा मिळते तेवढी या कामाला मिळत नाही, आणि हे सर्वस्वी अनुचित आहे. पत्राची नक्कल छापील खंडात आली की त्यातील आशय सर्वांचा होतो, मग मूळ कागद कोणाच्याही तिजोरीत असो.

बाजाराची लाट नंतर आली व ती प्रामुख्याने लंडन, न्यूयॉर्क आणि इंग्लंडमधील लहान गावांतल्या लिलावगृहांतून वाढली. या व्यवहाराची रीत समजून घेणे आवश्यक आहे. लिलावगृह आधी अंदाजे किंमत जाहीर करते. विक्रेत्याशी एक राखीव किंमत गुप्तपणे ठरते आणि बोली तिच्याखाली राहिली तर वस्तू विकली जात नाही. हातोडा पडतो त्या आकड्यावर खरेदीदाराला लिलावगृहाचे अधिमूल्यही द्यावे लागते. अशा वस्तूच्या किमतीत धातूचा, कातड्याचा वा कारागिरीचा वाटा नगण्य असतो, कारण पितळेची वाटी कोणत्याही बाजारात मिळते. खरी किंमत असते ती मालकीच्या साखळीला, म्हणजे मूळ पुरुषाच्या हातून वस्तू कोणाकडे, केव्हा, कोणत्या निमित्ताने गेली आणि तिथून विक्रेत्यापर्यंत कशी आली याच्या पुराव्याला. भेटीसोबतचे पत्र, समकालीन रोजनिशीतील नोंद किंवा वस्तू स्पष्ट दिसणारे छायाचित्र हे उत्तम पुरावे. कुटुंबात सांगत आलेली हकीकत हा दुबळा पुरावा.

या दृष्टीने ऑगस्ट २०२० मधील ब्रिस्टलच्या लिलावाकडे पाहता येते. एका साध्या पाकिटात घालून लिलावगृहाच्या पत्रपेटीत टाकलेला सोनेरी मुलाम्याचा चष्मा १० ते १५ हजार पौंडांच्या अंदाजावर लिलावाला आला आणि २ लाख ६० हजार पौंडांना एका अमेरिकन संग्राहकाने घेतला. दक्षिण आफ्रिकेत तेल कंपनीत नोकरीला असलेल्या नातलगाला गांधीजींनी तो भेट दिला होता, अशी विक्रेत्याच्या कुटुंबातील हकीकत होती. गांधीजींनी १९१४ च्या जुलैमध्ये दक्षिण आफ्रिका कायमची सोडली, तेव्हा भेट तिथेच झाली असेल तर तिचा काळ त्यापूर्वीचा ठरतो; आपल्या जुन्या वस्तू गरजूंना देऊन टाकण्याची त्यांची सवय हकीकतीला पूरक आहे, परंतु सवय हा विशिष्ट वस्तूचा पुरावा होत नाही. अंदाजाच्या सतरा-अठरा पट किंमत उठली ती या अपुऱ्या पुराव्यावर, आणि यातून बाजार ज्ञानापेक्षा ओढीवर किती चालतो हे कळते.

भारतात सर्वाधिक खळबळ उडाली ती मात्र ५ मार्च २००९ च्या न्यूयॉर्कमधील लिलावाने. गोल चष्मा, चामडी चपला, झेनिथ कंपनीचे खिशातले घड्याळ, पितळेची वाटी आणि ताटली अशा पाच वस्तू एका अमेरिकन संग्राहकाने अँटिकोरम या लिलावगृहामार्फत विक्रीला काढल्या होत्या आणि अंदाज २० ते ३० हजार डॉलरचा होता. संसदेत व वृत्तपत्रांत संताप व्यक्त झाला. नवजीवन संस्थेच्या अर्जावरून दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला. विक्रेत्याने भारत सरकारने संरक्षणाऐवजी गरिबांच्या आरोग्यावर अधिक खर्च करण्याची अट पुढे केली व ती मान्य होणे शक्यच नव्हते. अखेरच्या घटकेला त्याने आपली विकण्याची इच्छा उरली नसल्याचेही जाहीर केले, पण लिलाव झालाच. मद्यउद्योजक विजय मल्ल्या यांच्या वतीने लावलेली १८ लाख डॉलरची बोली शेवटची ठरली. आयुष्यभर दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्याच्या वस्तू मद्याच्या पैशाने घेतल्या गेल्या याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. त्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की देशभरातल्या गदारोळानेच किंमत अंदाजाच्या साठ पटींवर नेली, आणि गांधीजींची साधी वस्तू कितीला जाऊ शकते हे जगभरच्या विक्रेत्यांना त्या दिवशी समजले.

त्यानंतरची वर्षे याचीच साक्ष देतात. इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील मुलॉक्स या लिलावगृहात एप्रिल २०१२ मध्ये एक चष्मा ३४ हजार पौंडांना आणि एक चरखा २६ हजार पौंडांना गेला; पफर यांना दिलेला येरवड्याचा चरखा नोव्हेंबर २०१३ मध्ये ६० हजारांच्या अंदाजावर १ लाख १० हजार पौंडांना विकला गेला. या चरख्याची मालकीची साखळी नीट सांगता येत होती, त्यामुळे त्याच्या किमतीला काही आधार तरी होता. २०१२ च्या त्याच लिलावात हत्येच्या जागेवरून उचलल्याचे सांगितलेली चिमूटभर माती व गवताच्या काड्या १० हजार पौंडांना गेल्या. मुंबईचे उद्योजक कमल मोरारका यांनी त्या लिलावातील वस्तू घेऊन भारतात आणल्या. पुढच्या वर्षी गांधीजींच्या रक्ताचा म्हणून ठेवलेला नमुना राखीव किमतीपर्यंत न पोचल्याने विकला गेला नाही. शारीरिक अवशेषांची अशी विक्री हा या व्यवहाराचा सर्वांत अशोभन भाग आहे, आणि तो कोणत्याही संशोधनाच्या वा जतनाच्या सबबीखाली समर्थनीय ठरत नाही.

अस्थींच्या बाबतीत गांधी कुटुंबीयांनी घेतलेली भूमिका याच्या नेमकी उलट आहे. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी प्रयागला मुख्य विसर्जन झाले तरी काही कलश ठिकठिकाणी राहिले. ओडिशातील एका बँकेच्या तिजोरीत राहिलेल्या कलशाचे विसर्जन तुषार गांधी यांनी १९९७ मध्ये केले. दुबईतील एका व्यापाऱ्याने मणिभवनकडे पाठवलेल्या कलशाबाबत तो प्रदर्शनात ठेवण्याचा विचार पुढे आला होता, परंतु कुटुंबीयांनी नकार दिला आणि ३० जानेवारी २००८ रोजी गिरगाव चौपाटीजवळच्या समुद्रात त्या अस्थी सोडण्यात आल्या. संग्रहालयाने एक दुर्मीळ वस्तू गमावली असे म्हणण्याचे धाडस तेव्हा कोणी केले नाही, आणि ते योग्यच झाले.

सार्वजनिक पैसा कशावर खर्च व्हावा याचे उत्तरही या इतिहासातच मिळते. जानेवारी १९४८ मधील गांधीजींच्या हस्तलिखिताची विक्री २००७ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात ठरली तेव्हा ते लिलावातून मागे घेण्यात आले आणि भारत सरकारकडे आले. २०१२ मध्ये सदबीज येथे लिलावाला येणारा कॅलनबाख संग्रह सरकारने लिलावापूर्वीच सुमारे ७ लाख पौंडांना घेतला व ३० जानेवारी २०१३ रोजी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तो प्रदर्शित झाला. हर्मान कॅलनबाख हे जोहान्सबर्गचे वास्तुविशारद; टॉलस्टॉय फार्मसाठी ११०० एकर जमीन त्यांनी १९१० मध्ये सत्याग्रहींच्या हवाली केली होती, आणि त्यांच्या नातलगांकडे राहिलेल्या पत्रांत गांधीजींच्या आफ्रिकेतील घडणीचा व कौटुंबिक जीवनाचा पुरावा आहे. चष्म्यातून गांधीजींच्या विचारांविषयी नवे काही कळत नाही, पत्रातून कळते, म्हणून ही खरेदी २००९ च्या गदारोळापेक्षा कितीतरी शहाणपणाची होती. देशातच असलेल्या वस्तूंची काळजी हा तर आणखी निकडीचा विषय आहे. सेवाग्रामच्या आश्रमातून गांधीजींचा चष्मा नाहीसा झाल्याचे २०११ मध्ये उघड झाले तेव्हा न्यूयॉर्कच्या चष्म्यासाठी उठलेल्या आवाजाचा अंशही उठला नाही.

कायद्याची चौकट १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाने घातली असून तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की पुरावशेष ठरते, हस्तलिखिते, दप्तरे व इतर कागदपत्रांना ही मुदत पंचाहत्तर वर्षांची आहे, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारला वा त्याने नेमलेल्या यंत्रणेला आहे. या हिशेबाने गांधीजींच्या हातचा प्रत्येक कागद जानेवारी २०२३ पर्यंत पुरावशेषाच्या व्याख्येत येण्याइतका जुना झाला आहे, आणि पाच रुपये देऊन घेतलेल्या सह्यांच्या वह्याही त्यात आल्या. १९३० नंतरच्या वस्तूंची मुदत मात्र अजून सरायची आहे. दांडीयात्रेच्या वेळच्या वस्तू २०३० मध्ये, येरवड्यातील १९३२ च्या उपोषणाच्या वेळच्या २०३२ मध्ये आणि हरिजन दौऱ्यात लिलावाने घेतलेले करंडक व चौकटी त्यानंतरच्या दोन वर्षांत शंभरी गाठतील. हे करंडक ज्या घरांत आहेत तिथल्या पुढच्या पिढ्यांना ते कोणत्या सभेत, कोणाच्या बोलीवर, किती रुपयांना घेतले गेले हे सांगता येते तोवरच त्याची नोंद करून ठेवता येईल, आणि वर्धा, नागपूर, पुणे व मुंबई येथील स्थानिक इतिहाससंस्थांना हे काम कोणत्याही परदेशी लिलावगृहाच्या दारात न जाता आजच हाती घेता येण्यासारखे आहे.